‘म्हणून’च्या पोटातलं वाक्य

‘विचार बदला, आयुष्य बदलेल.’ हे वाक्य मी रील्सवर पाहिलंय, स्पर्धापरीक्षेच्या क्लासच्या जिन्यात पाहिलंय, रिक्षाच्या मागच्या काचेवर पाहिलंय. ते आता इतकं गुळगुळीत झालंय की त्याच्यामागे एक उपचारपद्धती आहे, तिच्यावर साठेक वर्षं संशोधन झालंय आणि त्या पद्धतीनं असं काही सरसकट सांगितलेलंच नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. ज्याचं मन खरोखर खचलंय त्याला हे वाक्य वाचून उभारी येत नाही. त्याच्या प्रगतिपुस्तकात आणखी एक लाल शेरा पडतो, एवढंच. ‘तुला साधे विचारसुद्धा बदलता येत नाहीत.’

या उपचारपद्धतीचं नाव कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. सगळे सीबीटी म्हणतात. ती दवाखान्याच्या बाहेर, सामान्य वाचकाच्या हातात पोचवण्याचं मोठं काम एका पुस्तकानं केलं: डेव्हिड बर्न्स यांचं ‘फीलिंग गुड’. १९८० साली आलेलं हे पुस्तक आजही विकलं जातं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अॅरन बेक यांच्याकडून ही पद्धत शिकलेल्या एका तरुण मानसोपचारतज्ज्ञानं ते लिहिलं. रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर ‘यशाचे मंत्र’ छापाच्या पुस्तकांत ते सहज खपून जाईल, असंच त्याचं नाव आणि रूप आहे. मला मात्र ते त्या रांगेतलं वाटत नाही. मला ते वाचनाबद्दलचं पुस्तक वाटतं. स्वतःच्या मनातलं एक वाक्य नीट कसं वाचावं, हे ते शिकवतं. त्याची ताकद तिथे आहे. जिथे ते कमी पडतं, तिथेही प्रश्न वाचनाचाच आहे.

कोचावरचा दुसरा आवाज

आधी थोडं मागे जाऊ. अॅरन बेक फ्रॉइडच्या परंपरेत तयार झालेले मनोविश्लेषक. रुग्णानं कोचावर आडवं व्हावं, मनात येईल ते बोलावं, डॉक्टरनं त्यातून दडलेला अर्थ काढावा, अशी ती रीत. नैराश्य म्हणजे आत वळलेला राग, हा त्या परंपरेचा सिद्धांत. बेक तो सिद्ध करायला निघाले आणि त्यासाठी रुग्णांची स्वप्नं तपासू लागले. स्वप्नांत राग सापडेना. सापडलं ते अपयश, नुकसान, काहीतरी हातातून निसटणं.

पुढे त्यांनी अनेकदा सांगितलेली एक गोष्ट आहे. एक रुग्ण बाई कोचावर पडून आपल्या आयुष्यातल्या खाजगी गोष्टी सांगत होत्या आणि मधूनमधून अस्वस्थ होत होत्या. विषय लैंगिक, म्हणून ही अस्वस्थता, असं शास्त्र सांगत होतं. विचारल्यावर कळलं की बोलताना बाईंच्या मनात शेजारून दुसरंच काही चाललं होतं: मी डॉक्टरांना कंटाळा आणतेय. हा दुसरा आवाज दडलेला नव्हता. तो अगदी वरवर होता. फक्त तो कुणी विचारला नव्हता. बेक यांनी अशा विचारांना आपोआप येणारे विचार म्हटलं. ते झटकन येतात, तुटक असतात, आणि खरे आहेत की नाहीत हे पाहण्याआधीच आपण ते खरे धरून बसलेलो असतो.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस दुसऱ्या रस्त्यानं जवळपास त्याच ठिकाणी पोचले होते. १९५५मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीला रॅशनल थेरपी म्हटलं. तीच पुढे आरईबीटी झाली. एलिस यांची मांडणी तीन अक्षरांत बसते. ए म्हणजे घडलेली घटना, सी म्हणजे तिचा मनावर आणि वागण्यावर झालेला परिणाम. आपल्याला वाटतं एमुळे सी होतो. प्रत्यक्षात मध्ये बी असतो, म्हणजे त्या घटनेबद्दल आपण धरलेली समजूत. रोमन काळातल्या स्टोइक तत्त्वज्ञांकडून, विशेषतः एपिक्टेटसकडून, हा धागा आपण घेतला, असं एलिस स्वतःच सांगत.

मराठीत एलिस बेकपेक्षा जास्त माहीत आहेत, आणि त्यामागे माणसांचे कष्ट आहेत. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार ठेवला आणि ही पद्धत इथे रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांचं ‘स्वभाव-विभाव’ अनेक घरांत आहे. डॉ. अंजली जोशी यांनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ अशी कादंबरीच लिहिली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मराठी कादंबरीचा नायक होतो, हे काही रोज घडत नाही.

तीन रकाने

बर्न्स यांच्या पुस्तकाचा जीव एका साध्या तक्त्यात आहे. कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. दुसऱ्यात त्या वाक्यानं कुठे गडबड केली ते लिहायचं. बर्न्स अशा दहा गडबडींची यादी देतात: सगळं काळं नाहीतर पांढरं पाहणं, एका प्रसंगावरून कायमचा नियम काढणं, चांगलं ते गाळून वाईट तेवढं ठेवणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्याचा दावा करणं, ‘मला तसं वाटतंय म्हणजे ते तसंच असणार’ असं धरणं, स्वतःवर एखादं लेबल चिकटवणं, वगैरे. तिसऱ्या रकान्यात उत्तर.

धरून चालू की एक मुलगा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करतोय. तिसऱ्यांदा पूर्वपरीक्षेत नाव आलं नाही. पहिल्या रकान्यात तो लिहितो: ‘माझं काहीच होणार नाही. घरी तोंड दाखवायची माझी लायकी नाही.’

रीलचं शहाणपण इथे लगेच तिसऱ्या रकान्यात उडी मारतं: ‘मी करू शकतो! पुढच्या वेळी नक्की होणार!’ हे उत्तर बर्न्स यांच्या परीक्षेत नापास होतं. कारण उत्तरासोबत आकडाही लिहायचा असतो. आपला त्यावर शंभरातला किती टक्के विश्वास आहे? मुलगा प्रामाणिक असेल तर लिहील, पाच. ज्या वाक्यावर बोलणाऱ्याचाच विश्वास नाही ते वाक्य औषध कसं होणार?

आता दुसऱ्या रकान्यात जरा थांबू. ‘काहीच’ हा शब्द कुठून आला? एका परीक्षेचा निकाल सगळ्या आयुष्याला लागला. ‘होणार नाही’ हे भविष्य कुणी पाहिलं? ‘लायकी’ हा शब्द तर निकालपत्रात नव्हताच. तो मुलानं आपल्या पदरचा घातला. एवढं झाल्यावर तिसरा रकाना असा होऊ शकतो: ‘तीनदा पूर्वपरीक्षा निघाली नाही, हे खरं आहे. पहिल्या वेळी तयारीच नव्हती. गेल्या वेळी थोडक्यात गेली. पुढच्या वेळी निघेल याची खात्री नाही. पण परीक्षा न निघणं आणि माझं काहीच न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैशांबद्दल बाबांशी बोलावं लागेल आणि ते जड जाणार आहे.’ यात आनंदाचा लवलेश नाही. पण यावर त्याचा विश्वास ऐंशी टक्के बसू शकतो. मुख्य म्हणजे यातून उद्या सकाळी करायचं एक काम निघतं. पहिल्या वाक्यातून फक्त पांघरूण डोक्यावरून ओढता येतं.

भावना आणि वागणं बदलतं ते इथे. दुःखाच्या जागी सुख येत नाही. लोळागोळा झालेलं दुःख नेमकं होतं. वाङ्मयीन समीक्षेत आपण जे करतो तेच हे आहे: या शब्दाला पुरावा काय, हे विशेषण कोणाचं, निवेदकावर विश्वास का ठेवायचा? फरक एवढाच की इथे संहिता आपल्या डोक्यात आहे आणि निवेदक आपण स्वतः आहोत.

मराठीत वाचताना

हे पुस्तक इंग्रजीत वाचताना माझं लक्ष वारंवार मराठीकडे गेलं. कारण ही पद्धत शेवटी व्याकरणावर चालते, आणि आपलं व्याकरण वेगळं आहे.

पहिला शब्द ‘च’. एलिस यांचा सगळा राग इंग्रजीतल्या ‘मस्ट’ आणि ‘शुड’वर होता. हवंय म्हणजे मिळालंच पाहिजे, अशा हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं ते म्हणत. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. ‘मला नोकरी मिळायला हवी’ ही इच्छा आहे. ‘मला नोकरी मिळालीच पाहिजे’ ही धमकी आहे, आणि तीही स्वतःलाच. ‘त्यानं माझं ऐकायला हवं होतं’ आणि ‘त्यानं माझं ऐकायलाच हवं होतं’ यांत रात्रीच्या झोपेचा फरक आहे. दिवसभरात आपण मनातल्या मनात किती ‘च’ लावतो ते मोजून पाहा. इंग्रजी पुस्तकातल्या दहा गडबडी पाठ करण्यापेक्षा मराठी माणसाला हा एक अक्षराचा व्यायाम जास्त उपयोगी पडेल, असं मला वाटतं.

दुसरा शब्द ‘म्हणून’. ‘ती मेसेज वाचून गप्प बसली म्हणून मला वाईट वाटलं.’ एलिस म्हणतील, इथे बी गायब आहे. पण मराठीत तो गायब नाही, शब्दाच्या पोटात आहे. ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’ या क्रियापदाचंच रूप. म्हणजे कुणीतरी काहीतरी म्हटलं. निळ्या टिका दिसल्या आणि वाईट वाटलं, यांच्या मधल्या क्षणात मी स्वतःला काहीतरी म्हणालो: तिला माझा कंटाळा आलाय. रोजच्या बोलण्यात आपण ‘म्हणून’ कारण जोडायला वापरतो आणि त्यातलं म्हणणं विसरतो. वाईट वाटलं की त्या ‘म्हणून’पाशी थांबून ‘मी काय म्हणालो?’ असं विचारायचं. सीबीटीचा पहिला धडा मराठीत इतक्या थोडक्यात सांगता येतो.

तिसरा शब्द मात्र अडचणीचा आहे: ‘विवेक’. मराठीत ही पद्धत विवेकनिष्ठ म्हणून ओळखली जाते आणि नडणाऱ्या विचारांना ‘अविवेकी’ म्हटलं जातं. ‘विवेक’ हा आपल्याकडे मोठा शब्द. तो संतांच्या ग्रंथांतून आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीतून आला. त्याला नैतिक वजन आहे. पण त्याच वजनामुळे ‘तुमचा हा विचार अविवेकी आहे’ हे वाक्य समोरच्याला निदान वाटत नाही, ठपका वाटतो. जो आधीच स्वतःला दोष देत बसलाय त्याला आपण नवा दोष पुरवतो. मला ‘नडणारा विचार’ हा साधा शब्द बरा वाटतो. विचार मूर्खपणाचा आहे की पापी आहे, हा प्रश्नच नको. तो मला नडतोय का, आणि तो खरा आहे का, एवढंच पाहायचं.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. मनाशी बोलायची आपली परंपरा जुनी आहे. समर्थ रामदासांनी ‘मनाचे श्लोक’ रचले, दोनशे पाच, आणि त्यांत मनालाच हाक मारून सांगितलं. क्वचित ते मनालाच शोध घ्यायला लावतात, पण एकूण सूर उपदेशाचा आहे: हे धर, ते सोड. पिढ्यान्‌पिढ्या ते पाठ करून आपल्याला मनाला आज्ञा द्यायची सवय लागलीय. बेक यांची रीत निराळी. ते मनाला आज्ञा देत नाहीत, साक्षीदारासारखं उभं करून प्रश्न विचारतात. ‘असं का वाटतं? उलट पुरावा आहे का? मित्राला हेच झालं असतं तर त्याला काय म्हणाला असतात?’ मराठीत सीबीटी येताना तिचं पुष्कळदा कीर्तन होतं, ते या सवयीमुळे. वक्ता समोर, श्रोते खाली, आणि शेवटी टाळ्या. व्याख्यान ऐकून माणूस भारावतो, पण त्याच्या डोक्यातलं वाक्य कुणी विचारलेलंच नसतं.

वाद जिंकणारा डॉक्टर

हा दोष फक्त मराठी व्याख्यानांचा नाही. १९६५ची एक फिल्म यूट्यूबवर सापडते. तिच्यात ग्लोरिया नावाची एक बाई एकाच दिवशी तीन नामवंत मानसोपचारकांना भेटते: कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि अल्बर्ट एलिस. एलिस यांचा भाग पाहताना मला धाप लागते. ग्लोरिया आवडणाऱ्या पुरुषांसमोर आपण अवघडतो असं सांगतेय, आणि एलिस तिच्या वाक्याचं निदान करून, उत्तर देऊन, पुढचा मुद्दा मांडूनही मोकळे झालेत. ते बरोबरच बोलतायत. पण ते फार बोलतायत.

‘फीलिंग गुड’मधल्या संवादांतही हे जाणवतं. रुग्ण एक निराश वाक्य बोलतो, डॉक्टर तर्कानं ते पाडतात, रुग्ण कबूल करतो. डॉक्टर जवळपास प्रत्येक वाद जिंकतात. पानावर हे चटपटीत वाटतं, पण वाद हरलेल्या माणसाला बरं वाटतंच असं नाही. आई-बाबांशी वाद घालून हरलेल्या कुणालाही हे माहीत आहे. पुस्तकाचा विक्रेत्यासारखा सूर त्यात भर घालतो: हे करा आणि पाहा कसा चमत्कार होतो. गंमत म्हणजे ‘सगळं काळं नाहीतर पांढरं’ ही ज्या पुस्तकानं पहिली गडबड सांगितली, त्याचा स्वतःचा सूर पुष्कळदा फक्त पांढरा आहे.

आधी हात, मग डोकं

पुस्तकातलं एक प्रकरण मात्र या वादावादीच्या बाहेर आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत चांगलं आहे. ते काहीच न करण्याबद्दल आहे. अंथरुणातून उठवत नाही, आंघोळ नको वाटते, फोन उचलवत नाही. आपण म्हणतो, मूड आला की करीन. बर्न्स सांगतात, क्रम उलटा आहे. आधी कृती येते, उमेद तिच्या मागून येते. त्यासाठी ते एक तक्ता देतात. काम लहान लहान तुकड्यांत तोडायचं, प्रत्येक तुकड्यापुढे ते किती अवघड जाईल आणि किती समाधान देईल याचा अंदाज टक्क्यांत लिहायचा, आणि काम झाल्यावर खरा आकडा लिहायचा. इथे डॉक्टर वाद घालत नाही. आपलाच अंदाज आपल्याच अनुभवासमोर उभा राहतो.

१९९६मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन यांनी सीबीटीचे भाग सुटे करून तपासले. नैराश्याच्या रुग्णांच्या एका गटाला त्यांनी पूर्ण उपचार दिले आणि एका गटाला फक्त कृतीचा भाग: दिनक्रम लावणं, टाळलेली कामं हळूहळू सुरू करणं. विचारांशी झटापट नाही. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले. विचार बदलायला विचारांशीच भांडावं लागतं, हे गृहीतक तिथे डळमळलं.

आपल्याजवळचं उदाहरण गोव्याचं. ‘संगाथ’ या संस्थेनं डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांसोबत तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण त्यात होते. अर्ध्यांना आरोग्य केंद्रातले नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, तर अर्ध्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटींचा उपक्रम. भेटी घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक, साधी माणसं होती. त्यांनी मुख्यतः कृतीवर भर दिला: काय टाळताय, कुणाशी बोलणं तोडलंय, या आठवड्यात कोणती एक गोष्ट करता येईल. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी उपक्रमातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटातल्या ३९ टक्के लोकांचं.

याचा अर्थ विचार बिनमहत्त्वाचे आहेत असा नाही. शेजारणीकडे जाऊन चहा पिऊन आलेल्या बाईच्या ‘मी कुणालाच नको आहे’ या वाक्याला तडा जातोच. पण तो तडा वाक्यानं पाडलेला नसतो. एलिस यांची स्वतःची गोष्टही हेच सांगते. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवायला ते न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन बसले आणि महिनाभरात शंभर अनोळखी बायकांशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. भीती मात्र गेली. आज हा किस्सा वाचताना बाकावर शांत बसलेल्या त्या शंभर जणींच्या बाजूनंही विचार करावासा वाटतो. तरी मुद्दा राहतो: विवेकाच्या या महागुरूचं मन बदललं ते युक्तिवादानं नव्हे, बाकावर जाऊन बसल्यानं.

आणि वाक्य खरं असेल तर?

आता माझा खरा आक्षेप. तीन रकान्यांचा तक्ता असं गृहीत धरतो की पहिल्या रकान्यातलं वाक्य कुठेतरी चुकलंय. ते बरोबर असेल तर?

वसतिगृहातली एक मुलगी लिहिते: ‘या मुली मला आपल्यातली समजत नाहीत.’ दुसऱ्या रकान्यात घाईनं लिहिता येईल: दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्याचा दावा. पण तिचं आडनाव कळल्यावर डब्यातली भाजी घेणं बंद झालं असेल, रँक विचारून कुजबुज झाली असेल, तर हा दावा नाही. हे निरीक्षण आहे. अशा वेळी तिला ‘तू असं समजतेस’ म्हणणारा तक्ता जातीयतेच्या बाजूनं उभा राहतो, त्याची तशी इच्छा नसली तरी.

बर्न्स यांना याची काहीच जाणीव नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. दुःख आणि नैराश्य एक नव्हेत, यासाठी त्यांनी एक अख्खं प्रकरण दिलंय. मृत्यू, अपंगत्व, नोकरी जाणं अशा खऱ्या नुकसानीचं दुःख खरं असतं, ते झटकू नये, असं ते नीट सांगतात. रागाबद्दलही ते दोन प्रश्न सुचवतात: समोरच्यानं जाणूनबुजून दुखावलंय का, आणि या रागाचा मला उपयोग आहे का? प्रश्न चांगले आहेत. पण त्याच प्रकरणात ते न्याय-अन्याय ही सापेक्ष गोष्ट आहे, सर्वांना मान्य अशी न्यायाची कल्पना नसते, असंही मांडतात. ऑफिसात बढती कुणाला मिळाली यावरच्या चडफडीला हे लागू पडेल. २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्याकडे चालत गेलेल्या माणसांना हे सांगून पाहा.

महाडचं उदाहरण मी उगाच घेत नाही. ‘आपण याच लायकीचे’ हे वाक्य शतकानुशतकं लोकांच्या मनात बसवलेलं होतं. ते नडणारं होतं आणि खोटंही होतं. बाबासाहेबांनी त्यावर युक्तिवाद पुष्कळ केले, पण ते तिथे थांबले नाहीत. ते लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मनातलं वाक्य आणि बाहेरची वस्तुस्थिती या दोन्हींना एकाच कृतीनं हात घातला. एलिस यांच्या भाषेत बोलायचं तर बी आणि ए दोन्ही. मानसोपचाराचं पुस्तक बीपाशी थांबतं, कारण खोलीत फक्त रुग्ण असतो. पण रुग्ण खोलीच्या बाहेर राहतो.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नाही. इंग्लंडनं २००८पासून सरकारी खर्चानं मोठ्या प्रमाणावर सीबीटी द्यायला सुरुवात केली. लाखो सामान्य लोकांपर्यंत उपचार पोचले, ही मोठीच गोष्ट. पण त्यासाठी अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड लेयर्ड यांनी मांडलेला एक ठळक मुद्दा असा होता की लोक बरे होऊन कामावर परततील आणि योजनेचा खर्च भरून निघेल. माणसाचं दुःख आणि त्याची कामावरची हजेरी एकाच ताळेबंदात आली की काम माणसाला कसं वागवतंय हा प्रश्न मागे पडतो. आपल्याकडे हे छोट्या रूपात रोज दिसतं. बारा तासांची शिफ्ट तशीच ठेवून ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’चं शिबिर भरवायचं, हे सर्वांत स्वस्त पडतं.

चांगला सीबीटी उपचारक अशा वेळी काय करतो? तो वाक्य तपासतो आणि म्हणतो, ‘तुझं बरोबर आहे.’ मग तिसऱ्या रकान्यात वेगळं लेखन होतं: कुणाला सांगायचं, तक्रार कुठे करायची, सोबत कोण येईल, तोवर झोप आणि जेवण कसं सांभाळायचं. शिवाय एक बारीक पण महत्त्वाची कात्री चालवायची. ‘या मुली मला आपल्यातली समजत नाहीत’ हे खरं. ‘म्हणून मी कमी आहे’ हे खोटं. पुन्हा तो ‘म्हणून’. अन्यायाचं वाक्य ठेवायचं आणि त्याच्या शेपटीला चिकटलेलं लायकीचं वाक्य कापायचं. हे जमलं तर ही पद्धत माणसाला लढ्यापासून दूर नेत नाही. लढायला लागणारं बळ वाचवते.

मग वाचावं का?

वाचावं. सगळं नाही. काहीच न करण्याबद्दलचं प्रकरण, तीन रकान्यांचं प्रकरण, दुःख आणि नैराश्यातला फरक सांगणारं प्रकरण, आणि सर्वसाधारण असण्याची हिंमत करा असं सुचवणारं परिपूर्णतेच्या हव्यासावरचं प्रकरण, एवढी नक्की. चमत्काराचे दावे चाळून पुढे जावं. रागाचं प्रकरण हातात पेन्सिल घेऊन, वाद घालत वाचावं. आणि नुसतं वाचू नये, लिहावं, तेही मराठीत. ज्या भाषेत मन आपल्याला बोल लावतं त्याच भाषेत उत्तर द्यावं लागतं. ‘आय अॅम अ फेल्युअर’वर तर्क चालवणं सोपं आहे. ‘वाया गेलेला’ या शब्दामागे आजोबांचा आवाज असतो, तो इंग्रजीत सापडत नाही.

एक मर्यादा स्वच्छ सांगायला हवी. नैराश्य तीव्र असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर पुस्तक आणि पेन्सिल पुरेशी नाही. डॉक्टर लागतात, कधी औषधं लागतात, आणि त्यात हार नाही. भारत सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथे मराठीत बोलता येतं.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आपल्याकडे म्हणतातच. मनाची ही खोड आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. बेक, एलिस आणि बर्न्स यांनी त्यात जी भर घातली ती एका प्रश्नाची: मन जे चिंततंय ते लिहून दाखव पाहू, नेमकं कोणत्या शब्दांत? रीलवरचं सुभाषित हा प्रश्न विचारत नाही, कारण उत्तर ऐकायला त्याच्याकडे वेळ नसतो. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘विचार बदल’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: कोणता?